चढलेली बेडकुळी

ज्यांना आजारपणाच्या गोष्टीत धीर, श्रद्धा आणि शेवटी देवाचे आभार वाचायचे असतील त्यांनी हे बाजूला ठेवावं. माझ्याजवळ ते सामान नाही. माझ्याजवळ राग आहे, आणि एक उजवा हात आहे जो वेळेवर वाचला असता. मात्र तुमच्या घरात कोणाच्या कोपरात वजन उचलताना टक् असा आवाज झाला असेल, दंडाचा गोळा वर चढून फुगला असेल, आणि थोड्या दिवसांत दुखणं कमी झालं म्हणून सगळे खूश असतील, तर हे वाचा. त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

मी अल्लीपूरची. डी.एड. केलं, नोकरी काही लागली नाही, भाजी लागली. मास्तरीण व्हायची होते, वांगेवाली झाले. दोन एकरात वांगे, फुलकोबी, मेथी काढतो आणि हिंगणघाटच्या बाजारात मीच घेऊन बसते, कारण आमच्या ह्यांना भाव करता येत नाही. गिऱ्हाईकानं डोळे वटारले की हे पावशेर जास्त टाकतात. गावात मला तोंडाळ म्हणतात. म्हणू द्या. तोंड होतं म्हणून घर चाललं.

टक्

विलास माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, म्हणून त्याला मी अरे-तुरे करते. मालाची गाडी तोच चालवतो. त्या सकाळी वांग्यांचे क्रेट गाडीत चढवत होतो, एक बाजू त्याची, एक माझी. आमचे हे विहिरीवरच्या मोटारीकडे होते. क्रेट छातीपर्यंत आला असेल, तेवढ्यात विलासचा फोन वाजला. आणि त्यानं, मी शपथेवर सांगते, फोन काढायला हात सोडला.

सगळं वजन माझ्या वाकलेल्या उजव्या हातावर आलं आणि हात खाडकन सरळ झाला. कोपरात टक् झालं. मला वाटलं क्रेटची पट्टी तुटली. मग कळलं की क्रेट खाली पडला आहे, त्याच्या सगळ्या पट्ट्या धड आहेत, आणि तुटलेलं जे काय आहे ते माझ्या आत आहे.

विलासचं पहिलं वाक्य होतं, "अरे वांगे गेले ना!"

घसरून पडल्या जी

हिंगणघाटला एका डॉक्टरकडे नेलं. नेलं कोणी, तर विलासनं. आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण माझा हात तिनंच खाल्ला. बाईमाणसाला दवाखान्यात नेलं की सोबत आलेला पुरुष बोलतो. डॉक्टरही त्याच्याकडेच बघून विचारतात. बाई फक्त जीभ दाखवायला तोंड उघडते.

डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. विलास म्हणाला, "घसरून पडल्या जी, हातावर."

मी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. मला ओकारी येत होती, घाम फुटला होता, आणि परक्या माणसासमोर घरच्या पोराला खोटं पाडायचं म्हणजे आपलेच दात, आपलेच ओठ. तरी मी का गप्प राहिले हे मला विचारू नका. तो काऊन बोलला ते त्याला विचारा. आजवर सगळे मलाच विचारत आले आहेत.

पडली म्हटल्यावर डॉक्टरनं हाड बघितलं. फोटो काढला. हाड शाबूत होतं. मग हात गळ्यात बांधायला पट्टा दिला, दुखण्याच्या गोळ्या दिल्या, मुका मार आहे म्हणाले, जाईल. मी एवढंच म्हटलं की आवाज आला होता. ते म्हणाले, पडल्यावर येतो आवाज. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी तऱ्हा झाली.

पैलवान

दोन-तीन दिवसांत कोपराच्या खोबणीपासून मनगटापर्यंत हात काळानिळा झाला, मग हिरवा, मग पिवळा. आणि दंडावर गोळा आला. लहानपणी पोरं मूठ आवळून, कोपर वाकवून दंडाची बेडकुळी काढून दाखवत नाहीत का, तशीच. फरक एवढाच की पोरांची बेडकुळी हात सोडला की खाली बसते. माझी बसेना. ती वर खांद्याकडे चढून राहिली होती आणि तिच्याखाली, कोपराजवळ, खड्डा पडला होता.

हे बघायला गाव आलं. जो तो हसत होता. वहिनी पैलवान झाल्या म्हणे. आमचे हे सुद्धा ओसरीवर चार माणसात बोलले की आता घरात आपलं काही खरं नाही. सगळे खो खो हसले. माझ्या हाताच्या आत एक दोरी तुटून वर पळाली होती आणि ते तिला ताकद म्हणत होते. बेडकुळी या शब्दानं माझं जेवढं नुकसान केलं तेवढं शत्रूनं केलं नसतं. त्या फुगवट्याला गाठ म्हटलं असतं, सूज म्हटलं असतं, तरी कोणीतरी घाबरलं असतं.

मग सासूबाईंनी नणंदेला बोलावलं. आमची नणंद पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायाकडून आली. कंबरेत उसण भरली, मान लचकली की आमच्याकडे अशा माणसाचा पाय लावतात, आणि नणंदेच्या पायाला आसपासच्या गावात मोठा मान. तिनं कोमट तेल लावून माझ्या दंडावर टाच ठेवली आणि गोळा खाली ढकलायला लागली. सासूबाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. मी किंचाळले, नणंदेला नाही नाही ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, वहिनीचं तोंड दुखत नाही ना, मग ठीक आहे.

आणि झालं असं की त्याच आठवड्यात दुखणं कमी झालं. ते आपसूकच होतं, ती दोरी पूर्ण तुटली की दुखणं थांबतं, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा श्रेय पायाला गेलं. नणंदेला साडी-चोळी झाली. मोठ्या मानानं तिला गाडीत बसवून दिलं.

वाकते, पण वळत नाही

पट्टा काढला. हात वाकत होता. पाण्याचा गिलास तोंडाशी जात होता. सगळ्यांना वाटलं संपलं.

मी भाकर करायला बसले. थापली चांगली. तळहातावर घेऊन तव्यावर टाकायला गेले तर तळहात वर वळेचना. मी हाताला सांगते आहे, वळ, आणि तो अर्ध्यातच थांबतो आहे. भाकर तव्यावर दुमडून पडली. दुसरीचंही तेच. मग मेथीची जुडी बांधायला गेले, पीळ बसेना. धुणं पिळता येईना. प्रसाद घ्यायला हात पुढे केला तर तळहात तिरपाच, साखरफुटाणे खाली. सासूबाईंचं एकच पालुपद होतं, हात तर वाकते ना? वाकते. मग झालं तर.

तुम्हाला सांगते, पूर्ण मोडलेल्या हाताला घर सुट्टी देतं. अर्ध्या मोडलेल्या हाताला नाटक म्हणतात. विलासनं बाजारात माझ्या जागेवर बसायला सुरुवात केली होती आणि वहिनीला आता आराम हवा असं गिऱ्हाईकांना सांगत होता. मोठा कनवाळू.

शेवटी ह्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मोटारीच्या खोलीचं कुलूप उघडायला मी गेले, किल्ली घातली, आणि ती फिरवायला मला सगळं अंग वळवावं लागलं, म्हशीनं गोठ्यात वळावं तसं. हे मागे उभे होते. संध्याकाळी म्हणाले, वर्ध्याला जाऊ.

त्यावरही घरात तोंडं वाजलीच. एक म्हणे सेवाग्रामचा दवाखाना, एक म्हणे सावंगीचा, ज्याचा जिथं पेशंट बरा झाला त्याला तेच खरं. कुठं गेलो ते लिहीत नाही. लिहिलं तर अर्धे लोक हात सोडून त्याच्यावरच भांडतील.

बोट अडकलं नाही

डॉक्टर बाई होत्या, तरुण, चेहऱ्यावर झोप. आम्ही तिघं आत गेलो. त्यांनी विचारलं काय झालं आणि विलासनं तोंड उघडलं, "घसरून..."

मी म्हटलं, "तू बाहेर जा."

आमचे हे म्हणाले, जाऊ दे ना, कशाला. मी त्यांनाही बाहेर जा म्हटलं. बाहेर बाकावर लोक बसले होते, त्यांनी ऐकलं असेल. ऐकू दे. दार लागल्यावर मी सांगितलं की मी पडले नाही. क्रेट दोघांनी धरला होता, एकानं सोडला.

बाईंची झोप उडाली. कोपर तेव्हा वाकलेलं होतं का? होतं. आणि वजनानं एकदम सरळ झालं? झालं. मग त्यांनी आधी माझा चांगला हात घेतला, कोपरात वाकवला, तळहात वर केला आणि खोबणीत आपलं बोट बाजूनं आत घातलं. तिथं ताणलेल्या दोरीसारखं काहीतरी होतं, त्याला त्यांचं बोट अडकलं. उजव्या हाताला तेच केलं. बोट आत गेलं आणि गेलंच. मग मला म्हणाल्या, तुम्ही करून बघा. मी डाव्या हाताचं बोट घालून माझ्याच उजव्या कोपरात ती दोरी शोधली. तिथं काही नव्हतं. इतके दिवस मी चिडत होते. त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले.

त्यांनी पेन काढलं आणि माझ्या दंडावरच चित्र काढलं. हा स्नायू वर खांद्याला दोन ठिकाणी बांधलेला असतो आणि खाली एकाच दोरीनं अंगठ्याकडच्या हाडाला. लोकांना वाटतं हात वाकवायचं काम याचं. तर ते मुख्य काम याच्या खाली झाकलेला दुसरा स्नायू करतो, तो तुमचा शाबूत आहे. याचं खास काम तळहात वर वळवायचं. किल्ली, पेचकस, भाकर. म्हणून तुमचा हात वाकतो, वळत नाही. आणि खालची दोरी तुटली म्हणून गोळा वर चढला.

एवढं साधं होतं. पेनाच्या चार रेघांत मावणारं.

मग त्यांनी विचारलं, किती दिवस झाले. मी सांगितलं आणि त्या लिहिता लिहिता थांबल्या.

"पहिल्या दोन आठवड्यांत आला असतात तर ओढून बांधायला सोपं होतं," त्या म्हणाल्या. "आता ती आखडली असेल, चिकटली असेल. खालपर्यंत पोचते की नाही हे उघडल्यावरच कळेल."

मी विचारलं, नाही पोचली तर? म्हणाल्या, दुसरीकडची दोरी घेऊन जोड द्यावा लागेल, तोही नाही जमला तर हात असाच राहील. बायकांमध्ये हे फार क्वचित दिसतं, असंही म्हणाल्या, म्हणून पटकन कोणाच्या ध्यानात येत नाही. मग पुन्हा विचारलं की पडल्या असं पहिल्या डॉक्टरना कोणी सांगितलं. मी दाराकडे बोट केलं.

वॉर्ड

मोठा फोटो झाला, रक्त झालं, तारीख मिळाली आणि मी भरती झाले. वॉर्डातल्या दिवसांबद्दल लोक काय काय लिहितात. मला आठवतं ते फिनाईल, सकाळी फरशी पुसताना पाय वर घ्या पाय वर घ्या, आणि भेटीला येणारी माणसं. ही माणसं केळी आणतात आणि अक्कल सोडून जातात. कोणी म्हणालं ऑपरेशन करू नको, हात वाळतो. कोणी म्हणालं बाईनं वजन उचलावंच कशाला. हे म्हणणाऱ्याच्या घरी त्याची बायको दोन हंडे डोक्यावर आणते. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

चांगल्या गोष्टी दोनच, त्या लिहिते. शेजारच्या खाटेवर समुद्रपूरकडची एक म्हातारी होती, खुब्याचं हाड मोडलेली. तिनं मला काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. जेवण आलं की माझी पोळी ओढून घ्यायची, तुकडे करायची आणि ताट परत सरकवायची. आणि एक सिस्टर ड्युटी संपल्यावर जाता जाता माझी वेणी घालून द्यायची, ओढून, डोकं दुखेल अशी घट्ट. तिनं केसांतून फणी फिरवली की मला रडू यायचं. इतर वेळी आलं नाही.

बाकी आमच्या ह्यांच्याशी भांडण. क्रेट विलासनं सोडला हे मी त्यांना सांगितलं होतं. मी विचारलं, त्याला विचारलं का तुम्ही? हे म्हणाले, "आता इचारून हात बरा होते काय?" मी भिंतीकडे तोंड केलं. ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर चाललं तेव्हा हे सोबत चालत होते. थिएटरच्या दारापाशी खाली वाकले. मला वाटलं धीर देतील. म्हणाले, "माह्यानं नाई होत त्याले इचारनं. एकच भाऊ हाये मले." मग दार लागलं. त्यांनी खोटं तरी सांगितलं नाही.

दोरी पोचली. बाईंनी सांगितलं की बरीच सोडवावी लागली, ओढावी लागली, कोपर वाकवून धरलं तेव्हा कुठं हाडापर्यंत आली. जोड लागला नाही. मी वळेल का विचारलं. म्हणाल्या, बघू. डॉक्टरांच्या तोंडचा बघू आणि शेतकऱ्याच्या तोंडचा बघू यात काही फरक नाही, दोघांनाही माहीत नसतं.

लाटणं

पुढचे महिने फार कंटाळवाणे होते. आधी हात वाकवून बांधलेला, मग रोज थोडा थोडा सरळ. अंगठ्याकडची कातडी बधिर, चिमटा घेतला तरी कळेना, ती अजून थोडी तशीच आहे. मग लाटण्याचा व्यायाम. लाटणं एका टोकाला मुठीत धरायचं, कोपर कमरेला चिकटवायचं आणि लाटणं आडवं करायचं, तळहात वर येईल असं. दिसायला पोरखेळ आहे. मी घामानं भिजायची. सासूबाई म्हणायच्या, रिकामं लाटणं फिरवू नये, घरात भांडण होते. मी म्हटलं, आता अजून कोणतं व्हायचं राहिलं?

आता ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना सांगते. फुगलेल्या दंडाला हसू नका. दुखणं थांबलं याचा अर्थ बरं झालं असा घेऊ नका. हात वाकतो का हे बघू नका, तळहात वर वळतो का ते बघा. पाय लावू नका, टाच लावू नका, तेल वांग्याच्या भाजीत घाला. आणि डॉक्टरसमोर आपलं तोंड आपण उघडा. सोबतच्या माणसाला बाहेर बसवा, मग तो नवरा असो की देव.

शेवटची तपासणी

परवा शेवटचं बोलावलं होतं. गाडी विलासचीच, दुसरी आहे कुठं. बाईंनी दोन्ही हात समोर धरायला लावले, कोपरं अंगाशी, आणि तळहात वर करायला सांगितले. डावा सपाट झाला, ताट ठेवावं असा. उजवा बराच आला, मग थांबला. बाईंनी हलकेच ढकलून पाहिलं. माझ्या हाताची ताकद चांगली परत आली आहे, असं म्हणाल्या, आणि एवढं वळणं पुष्कळ झालं. मी विचारलं, बाकीचं? त्या म्हणाल्या, "बाकीचं आता येईल असं वाटत नाही. लवकर आला असतात तर कदाचित आलं असतं." विलास दारात उभा होता. त्यानं ऐकलं.

घरी येताना गाडीत मी वाट बघत होते. खरं सांगते, मला माफी नको होती. त्यानं फक्त घरात जाऊन आपल्या आईला सांगावं की वहिनी पडली नव्हती, मी क्रेट सोडला होता, एवढंच हवं होतं. कारण सासूबाई आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की सुनेचं ध्यान नसते, पडली. घरी पोचलो. सासूबाई अंगणात मेथी निवडत बसल्या होत्या. विचारलं, काय म्हणे डॉक्टर. हे पायरीवर थांबले. विलास गाडीतून बादली काढून गाडी धुवायला मागे निघून गेला.

मग मीच बसले सासूबाईंच्या समोर आणि सांगितलं. मी पडले नव्हते. विलासनं सोडला. डॉक्टरला खोटं सांगितलं म्हणून दिवस वाया गेले.

त्या मेथी निवडतच राहिल्या. "मले माईत हाये," म्हणाल्या. "त्यानं त्याच दिवशी सांगतलं मले, रडत होता."

म्हणजे माझं मनगट धरून बसली तेव्हा या बाईला माहीत होतं. नणंदेला साडी नेसवली तेव्हा माहीत होतं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते पायरीकडे बघत होते.

"दोघा भावात वाकडं आलं असतं तं घर फुटलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "तुहा हात काय, आज ना उद्या बरा होनारच होता."

मी उजवा हात त्यांच्यासमोर धरला आणि तळहात वर वळवला, जेवढा वळतो तेवढा.

"एवढाच वळते, आई," मी म्हटलं. "बाकीचा तुमचं घर सांभाळाले गेला."